उभ्याने खाण्यापासून बसून खाण्यापर्यंत : पावभाजीच्या हॉटेलांची पार्श्वभूमी

मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही गजबजलेल्या चौकात पावभाजीचे एखादे हॉटेल असतेच आणि त्याची मांडणीही बहुधा ठरलेली असते. स्वयंपाकघर मागे असले तरी भला मोठा लोखंडी तवा मात्र दर्शनी भागात, पदपथाकडे तोंड करून ठेवलेला असतो. त्याच्या कडेने शिजलेल्या भाजीचा बांध घातलेला असतो, मधल्या मोकळ्या जागेत लोणी वितळत असते, आणि आचारी कालथ्याने तव्याच्या काठावर जो खणखणाट करतो तो भाजीसाठी कमी आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी जास्त असतो. गिऱ्हाईक या तव्याला वळसा घालून आत जाते, पंख्याखालची जागा धरते आणि पाच मिनिटांत चिरलेला कांदा व लिंबाची फोड घेऊन ताटली समोर येते. हातगाडीची चाके गेली, तवा मात्र तिच्याच जागी राहिला. रस्त्यावरचा पदार्थ खुर्चीवर बसून खाण्याची ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे शे-सव्वाशे वर्षांची उलथापालथ आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

घराबाहेर खाणे ही आपल्याकडे फार काळ भुकेपेक्षा पंक्तीची बाब होती. कोणी रांधले, कोणी वाढले आणि शेजारच्या पाटावर कोण बसले, यावर घास घशाखाली उतरायचा की नाही हे ठरत असे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, तेव्हा त्यांत रानडे आणि टिळक हे दोघेही होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली, शहरात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभे राहिले आणि एका कपाच्या प्रायश्चित्ताचा घोळ पुढे बराच काळ चालला. अशा समाजात कोणासोबत टेबलाला बसून जेवणे किती अवघड असेल, याची कल्पना यावरून येते.

रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांना मात्र या नियमांतून दोन पळवाटा मिळाल्या, आणि माझ्या मते त्यांच्या प्रसाराचे अर्धे मर्म येथेच आहे. पहिली पळवाट म्हणजे खरकटे आणि निर्लेप यांतला जुना भेद. वरणभातासारखे पाण्यात शिजवलेले अन्न विटाळाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक मानले जाई, तर फुटाणे, चुरमुरे, शेव आणि तळणीचे पदार्थ यांच्या बाबतीत त्या मानाने मोकळीक असे. गिरगाव चौपाटीवर रुजलेली भेळ ही, निदान चटणी पडेपर्यंत तरी, या मोकळिकीच्या कक्षेतली. दुसरी पळवाट त्याहून सोपी होती. उभ्याने खाणाऱ्याला पंगत नसते. कागदाच्या तुकड्यावर दिलेला पदार्थ खाऊन कागद टाकून देणाऱ्याला शेजारी उभ्या असलेल्या माणसाची जात विचारण्याचे कारण पडत नसे, आणि विचारलीच तरी त्याचा उपयोग नसे.

पावाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे होते. १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेल्यानंतर तेथे पाव भाजण्याची कला रुजली. आंबवण्यासाठी माडाची सूर (माडी) वापरणारे पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, गोव्यातून पुढे मुंबईतही आले. चार पाव जोडून भाजतात म्हणून त्याला पाव म्हणतात, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड असली तरी शब्द सरळ पोर्तुगीज भाषेतला आहे, आणि बटाटा हा शब्दही तिकडचाच. म्हणजे ज्या बटाटावडा-पावाला आपण अस्सल मराठी मानतो त्याच्या नावाचे दोन्ही आधार समुद्रमार्गे आलेले आहेत. परधर्मीयाने आंबवलेला, भाजलेला हा पदार्थ घरात घेण्यास अनेक हिंदू कुटुंबांचा दीर्घकाळ विरोध होता. परंतु मुंबईत चाळीतल्या एका खोलीत तीन-चार बिऱ्हाडकरूंबरोबर राहणाऱ्याला चूल पेटवण्यापेक्षा लादीतून दोन पाव तोडून घेणे परवडत असे, आणि या व्यवहारापुढे विरोध हळूहळू लटका पडला.

येथे एका लोकप्रिय कथेची तपासणी करणे आवश्यक वाटते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, मुंबईच्या कापूस बाजारातले दलाल परदेशातून तारेने येणाऱ्या भावांची वाट पाहत रात्र जागवत आणि त्यांच्यासाठी उरलेल्या भाज्या घोटून पावभाजी तयार झाली, असे सांगितले जाते. कापसाची तेजी खरी होती, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये कोसळलेला शेअर बाजारही खरा होता. परंतु हिंदुस्थान व युरोप यांना जोडणारी तार इराणच्या आखातातून १८६५ च्या सुरुवातीला कोठे सुरू झाली, आणि समुद्राखालून मुंबईपर्यंत येणारी तार तर १८७० ची. युद्धाच्या जवळजवळ संपूर्ण काळात भाव बोटीने येत होते. त्यांची वाट पाहायची तर रात्री नव्हे, आठवडेच्या आठवडे जागावे लागले असते. रात्रपाळीच्या गिरणी कामगारांसाठी हा पदार्थ निघाला, ही दुसरी कथा अधिक पटण्याजोगी आहे; मात्र तीही इतकी मागे नेता येत नाही. मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली आणि ती १८५६ मध्ये ताडदेवला चालू झाली, पण आरंभीच्या गिरण्या दिवसाच्या उजेडावर चालत. विजेच्या दिव्यांमुळे कामाचे तास वाढल्याबद्दल कामगारांचा असंतोष उफाळला तो १९०५ मध्ये, आणि नियमित रात्रपाळ्या त्यानंतरच्या. पावभाजी विसाव्या शतकातली मानणे म्हणूनच अधिक सुरक्षित आहे.

गिरणगावाचे रोजचे जेवण मात्र गाडीवर नव्हते, ते खाणावळीत होते. गावाहून एकट्याने आलेल्या कामगारांना महिन्याच्या हिशेबावर डबा किंवा ताट देणाऱ्या बायका या साऱ्या व्यवस्थेचा कणा होत्या, आणि त्यांनाच सावकारीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. गाडीवरचे खाणे हे पाळीवर जाता-येताना, दोन जेवणांच्या मधले.

बसून खाण्याची सवय शहराला दुसऱ्याच दोन संस्थांनी लावली. इराण्याच्या हॉटेलात (धोबीतलावचे कयानी १९०४ मधले) संगमरवरी टेबलावर कोणीही कोणासमोर बसून ब्रूनमस्का आणि चहा घेऊ शके. उडुपी खानावळींनी पुढे स्वच्छ, स्वस्त, शाकाहारी आणि झटपट जेवणाचा नमुना घालून दिला. माटुंग्याचे रामा नायक यांचे बोर्डिंग १९४२ मध्ये सुरू झाले. इराणी हॉटेलाने टेबलाचा विटाळ घालवला आणि उडुप्याने मध्यमवर्गीय कुटुंबाला, विशेषतः बायकामुलांना, हॉटेलात आणले. पावभाजीची हॉटेले या तयार वाटेवर चालली.

वडापावाची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी पावात वडा घालून विकण्यास सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच वर्षी १९ जूनला शिवसेनेची स्थापना झाली, आणि उडुपी हॉटेलांविरुद्धच्या रोषाच्या त्या दिवसांत वडापावाची गाडी ही मराठी तरुणाच्या स्वयंरोजगाराची खूण ठरली. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपाअखेर अनेकांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्यांतल्या काहींच्या घरची कढई रस्त्यावर आली. जो कालपर्यंत गिऱ्हाईक होता तोच गाडीमागे उभा राहिला.

गाडीचा गाळा का झाला, याचे उत्तर खाणाऱ्यांच्या वाढत्या सुबत्तेत शोधले जाते. ते निम्मेच खरे आहे. उरलेले निम्मे उत्तर महापालिकेच्या उचलगाडीत आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाने रस्त्यावरील मांडणी हटवण्याचे अधिकार पालिकेला दिले होते. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या संघटनेने त्यांना आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये फेरीवाला क्षेत्रे ठरवण्याचा मार्ग दाखवला, आणि फेरीवाल्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा यायला २०१४ साल उजाडले. त्या कायद्यात स्थानिक लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद आहे. मधल्या दशकांत ज्याचा धंदा चालला त्याने पहिल्या संधीला मागचा गाळा घेतला, कारण गाळा उचलून नेता येत नाही. ठाण्यापासून दादरपर्यंत आज कौतुकाने ज्यांना जुनी हॉटेले म्हणतात त्यांतली कित्येक अशी, भाड्याच्या आठ बाय दहाच्या जागेत शिरलेली आहेत, आणि तवा दारात ठेवण्यामागे जाहिरातीइतकेच हेही कारण आहे की आत त्याला जागा नव्हती.

गाळ्याबरोबर पदार्थही बदलला. गाडीवर एकच भाजी असे. भिंतीवर दरपत्रक लागताच खडा पावभाजी, चीज पावभाजी, बटाट्याऐवजी कच्चे केळे घातलेली जैन पावभाजी असे फाटे फुटले. बसलेल्या गिऱ्हाइकाला निवड लागते आणि मालकाला भाडे काढायचे असते. पोटमाळ्यावर वातानुकूलित विभाग झाला, त्याचे दर वेगळे झाले. वड्याने मात्र टेबलाला फारशी दाद दिली नाही. २००१ मध्ये मालाडहून निघालेल्या जंबोकिंगने साखळी उभारली तीसुद्धा प्रामुख्याने स्थानकांजवळच्या, हातात घेऊन चालते व्हायच्या दुकानांची. पावभाजीला दोन्ही हात लागतात. वडापाव लोकलच्या दारात लटकूनही खाता येतो.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत हा प्रवास परदेशी पोहोचला. २०१० मध्ये मुंबईतले दोन महाविद्यालयीन मित्र सुजय सोहनी आणि सुबोध जोशी यांनी लंडनच्या हाउन्स्लो भागात वडापाव विकायला घेतला, आणि त्याच वर्षी लंडनमध्येच इराणी हॉटेलाच्या धर्तीवर डिशूम उघडले. अमेरिकेतल्या ॲशव्हिल गावी २००९ मध्ये ‘चाय पानी’ सुरू करणारे मेहेरवान इराणी हे अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, वाढलेले. भेळ आणि शेव-बटाटा-दहीपुरी टेबलावर आणून देणाऱ्या या हॉटेलाला २०२२ मध्ये जेम्स बिअर्ड या अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातील पुरस्कारांत त्या देशातील उत्कृष्ट रेस्टॉरंटचा मान मिळाला. खिमापाव तेथे ‘स्लॉपी जय’ या नावाने मिळतो, कारण खिमा भरलेल्या बनपावाला अमेरिकेत पूर्वीपासून ‘स्लॉपी जो’ म्हणतात.