समाजकल्याण तरतुदींची छाननी, जिल्हा परिषदेतील

जिल्हा परिषदेच्या वार्षिक अंदाजपत्रकात मागासवर्गीय, महिला व बालके आणि दिव्यांग यांच्यासाठी मांडलेल्या रकमा विषय समित्या (एकेका विषयाचे काम पाहणाऱ्या सदस्यांच्या समित्या), अर्थ समिती व सर्वसाधारण सभा यांनी तपासण्याची महाराष्ट्रातील पद्धती. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, 1961 हा तिचा कायदेशीर आधार होय.

पूर्वपीठिका : या पद्धतीचा उगम कोठे मानावा, याबद्दल एकमत नाही. एक मत तो जोतीराव फुले यांच्या पुणे नगरपालिकेतील कारकीर्दीपर्यंत मागे नेते. फुले 1876 मध्ये सरकारनियुक्त सभासद झाले. त्यांच्या सभासदत्वाची अखेर कोणी 1882, तर कोणी 1883 देतात. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चावेत, या प्रस्तावाला त्यांनी एकट्यानेच विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवण्याची मागणी केली. चरित्रांतून हा प्रसंग नोव्हेंबर 1880 मधील व पाहुणे लॉर्ड लिटन असल्याचे येते. लिटन यांची कारकीर्द मात्र त्याच वर्षी जूनमध्ये संपली होती. तेव्हा महिना किंवा पाहुण्याचे नाव यांपैकी एक तपशील चुकीचा असावा. ‘1880 च्या सुमारास’ एवढेच म्हणणे सुरक्षित. मंडईच्या खर्चिक इमारतीलाही त्यांनी याच भूमिकेतून हरकत घेतली होती. ती मंडई आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

दुसरे मत समाजसुधारक सी. के. बोले यांच्या मुंबई विधिमंडळातील ठरावांना महत्त्व देते. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांसारखी ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, हा 1923 चा ठराव. तो न पाळणाऱ्या नगरपालिकांना व लोकल बोर्डांना सरकारी अनुदान देऊ नये, अशी शिफारस 1926 मध्ये पुढे आली. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला आणि 1927 च्या सत्याग्रहानंतर तो मागेही घेतला. अनुदानाची सामाजिक कर्तव्याशी घातलेली सांगड या क्रमात प्रथम स्पष्ट दिसते, म्हणून हे मत अधिक ग्राह्य वाटते. फुले यांची हरकत नैतिकदृष्ट्या थोर असली, तरी ती एका सभासदाची होती. तिच्यातून समितीची कार्यपद्धती निर्माण झाली नाही. समिती, तिचा सचिव आणि ठरावीक लेखाशीर्ष (हिशेबात त्या खर्चाची स्वतंत्र नोंद) ही रचना मात्र 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावरच उभी राहिली. पंचायत राज्याची रचना सुचवणाऱ्या वसंतराव नाईक समितीने जिल्हा हाच मुख्य स्तर मानल्यामुळे समाजकल्याणाचे कामही तेथेच एकवटले. त्यापूर्वी पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्डे आणि विदर्भात जनपद सभा होत्या.

कार्यपद्धती : खातेप्रमुख मागणी मांडतात. जिल्हा समाजकल्याण अधिकारी समाजकल्याण समितीचे सचिव असतात; मुख्य लेखा व वित्त अधिकारी सर्व मागण्या एकत्र करतात आणि अंदाजपत्रक मार्चअखेरीपूर्वी सर्वसाधारण सभेपुढे येते. स्वीय उत्पन्नाचा, म्हणजे बोलीभाषेतील सेसफंडाचा, 20 टक्के भाग मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी राखला जातो. दिव्यांगांसाठीचा वाटा पूर्वी 3 टक्के होता. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमानंतर तो 5 टक्के झाला.

ही टक्केवारी सभागृहाला कमी करता येत नाही. त्यामुळे ती लावली गेली काय, एवढेच पाहून थांबणारी छाननी अपुरी ठरते. खरा प्रश्न ती कशावर लावली याचा असतो. शासकीय अनुदाने वगळून जमीन महसुलावरील उपकर, मुद्रांक शुल्काचा वाटा, ठेवींवरील व्याज व भाडे यांतून स्वीय उत्पन्न ठरते. यांतील एखादी जमा अंदाजात कमी धरली, की प्रत्येक राखीव हिस्सा आपोआप आक्रसतो आणि टक्केवारी कागदावर बिनचूक राहते. जाणते सदस्य म्हणूनच खर्चाआधी जमेची बाजू वाचतात. सुधारित अंदाजपत्रकाकडेही, म्हणजे वर्षाच्या ओघात दुरुस्त केलेल्या आकड्यांकडेही, तितकेच लक्ष हवे. शिलाई यंत्रे, सायकली, विद्युतपंप, पिठाच्या गिरण्या यांसारख्या वैयक्तिक लाभाच्या योजनांचा पैसा लाभार्थी निवड लांबल्याने वर्षअखेर अखर्चित राहतो. अशी रक्कम अनुशेष म्हणून पुढील वर्षी वेगळी दाखवणे अपेक्षित असते. ती नव्या तरतुदीतच मिसळली, तर मागासवर्गीयांच्या वाट्याचा पैसा वाढल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो थकलेला असतो.

राज्य शासनाने जिल्हा परिषदेकडे सोपवलेल्या, म्हणजे हस्तांतरित, योजनांबाबत सभेचे अधिकार मर्यादित आहेत. दलित वस्ती सुधारणेचा निधी जिल्हा नियोजन समितीमार्फत येतो; जिल्हा परिषदेकडे मुख्यतः कामांची निवड व अंमलबजावणी राहते. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांत समाजकल्याण, महिला व बालविकास आणि दुर्बल घटकांचे कल्याण यांचा समावेश असला, तरी निधीचा ओघ वरूनच ठरतो.

खर्चोत्तर तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा आणि विधिमंडळाची पंचायत राज समिती यांच्याकडे असते. मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. सभागृहाऐवजी नेमलेल्या प्रशासकांच्या त्या काळात अंदाजपत्रक मांडणे व मंजूर करणे या दोन्ही गोष्टी प्रशासनाकडेच राहिल्या. समाजकल्याणाच्या रकमांवर सभागृहात हरकत घेणारा निवडून आलेला सदस्य तेव्हा नव्हता.