दोरीपलीकडची रांगोळी

दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा हॉल किंवा एखादं समाजमंदिर रांगोळी प्रदर्शनासाठी घेतलं जातं. दाराशी चपला काढायच्या. आत पंखे बंद, त्यामुळे उकडतं. गुडघ्याएवढ्या उंचीवर सुतळी बांधलेली आणि तिच्यापलीकडे फरशीवर कुणाचा तरी हसरा चेहरा. बघणारा थोडा वाकतो, ‘अगदी फोटोच!’ म्हणतो, आणि त्याच क्षणी कुणाचा तरी पदर खाली घसरतो. कॅनव्हासवरचा रंग चिकटलेला तरी असतो. इथे कण नुसते एकमेकांवर बसलेले. हनुवटीवरून पदर गेला की हनुवटी गेली.

उंबऱ्यावरच्या रांगोळीला हे भय कधीच नव्हतं. सडा घातला, चार बोटं रांगोळी काढली, दुपारपर्यंत पोरांच्या आणि पाहुण्यांच्या पायांनी ती फिसकटली. कुणी हळहळत बसलं नाही. उद्या पुन्हा काढायचीच होती. पाय पडू नये एवढा संकोच असे, पण तो मांगल्यापोटी. कलाकृती जपायची म्हणून नव्हे. पंगतीत ताटाभोवतीची महिरप तर वाढप्यांच्या येण्याजाण्यात पुसायचीच. कोकणात भाताच्या तुसाची पांढरी राख, इतरत्र शिरगोळ्याच्या मऊ पांढऱ्या दगडाची पूड. दोन्ही टाकायलाही मन कचरू नये अशाच वस्तू. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त धूलिचित्राचा उल्लेख आहे, म्हणजे पुडीने चित्र काढणं जुनंच. ते दोरीआड ठेवणं मात्र अलीकडचं.

बदल झाला तो रांगोळीत माणसाचा चेहरा आला तेव्हा. सार्वजनिक उत्सव, मंडळं, कामगार वस्त्यांतले हॉल यांनी तिला अंगणातून छपराखाली आणलं. मुंबईत गुणवंत मांजरेकरांसारख्या कलाकारांनी व्यक्तिचित्रणाला असा मान मिळवून दिला की लोक त्यांना ‘रांगोळीसम्राट’ म्हणू लागले. ठिपके जोडणं वेगळं आणि चेहरा काढणं वेगळं. लेक कलर म्हणजे रंगाची बारीक पूड मिसळून छटा तयार करायच्या, चहाच्या गाळणीने पातळ थर द्यायचा, मग चिमटीने डोळ्यातला ओलावा दाखवायचा. यात दिवसच्या दिवस, रात्रीही जातात. इतकी मेहनत ओतल्यावर उद्या पुन्हा काढू, असं कोण म्हणेल? मग दोरी आली, स्वयंसेवक आले, ‘कृपया हात लावू नये’ची पाटी आली.

आणि तरीही हात जातोच. मला यात बेपर्वाईपेक्षा अविश्वास जास्त दिसतो. साडीचा पोत, मोत्यांच्या माळेची सावली इतकी खरी दिसते की ही छापील प्रिंट तर नाही ना, अशी शंका येते, आणि तिची खात्री बोटानेच करावीशी वाटते. लहानपणी मीही एका प्रदर्शनात फुंकर मारून पाहिली होती. एका म्हाताऱ्याची मिशी उडाली. कलाकार ओरडला नाही; कागदाच्या पुडीतून उरलेली करडी छटा घेतली आणि चिमटीने पाच मिनिटांत मिशी परत बसवली. मला मात्र तिथेच उभं राहून ते बघायला लावलं.

दोरी किती पुरते, याचा एक दाखला परदेशातला आहे. 2007 साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या युनियन स्टेशनात तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचं मंडल, म्हणजे त्यांचं धार्मिक नक्षीचित्र, घालत होते. एक लहान मूल दोरीखालून शिरलं आणि त्यावर चक्क नाचलं. भिक्षूंनी ते मंडल पुन्हा घातलं. आपल्याकडे असं झालं तर ‘कामाची राखरांगोळी झाली’ म्हणायचं की नाही, हा भाषेचा गमतीदार पेच आहे.

मोबाईल आल्यावर धोक्याची तऱ्हाही बदलली. सेल्फी घेणारा रांगोळीकडे पाठ करून मागे मागे सरकतो. टाच कुठे पडतेय हे त्याला दिसत नाही. पाण्यावरच्या रांगोळीत तर टेबलाला लागलेला नुसता धक्का पुरतो.

रस्त्यावरच्या रांगोळीने मात्र दोरी कधी मानलीच नाही. गुढीपाडव्याची शोभायात्रा डोंबिवलीत 1999 साली निघाली आणि मग गावोगावी पसरली. तिच्या वाटेवर पाच बोटांनी सोडलेली संस्कारभारतीची मोठाली वर्तुळं असतात. आषाढी वारीत पालखीच्या पुढे जाऊन काढलेल्या रांगोळ्यांवरून दिंड्याच्या दिंड्या जातात. तिथे काढणाराच बाजूला होऊन वाट करून देतो. हॉलमधल्या कलाकारालाही शेवटच्या रात्री तेच करावं लागतं. दिवे मालवण्याआधी दोरी सोडतात, कडेपासून केरसुणी फिरवत आत येतात आणि सगळे रंग मिसळून झालेली मातकट पूड पिशवीत भरतात.