नाव खोडलं तरी माणूस सापडतो

‘तुमची माहिती नाव काढूनच वापरू,’ असं ॲपवाले सांगतात आणि आपण निर्धास्तपणे ‘सहमत’ दाबतो. नाव काढून भागत नाही, हे 1997 सालीच दिसलं होतं.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी नाव-पत्ते गाळून, पण जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड तसेच ठेवून संशोधकांना दिल्या गेल्या. एमआयटीत शिकणाऱ्या लतान्या स्वीनी यांनी तिथल्याच केंब्रिज शहराची मतदार यादी 20 डॉलरना विकत घेऊन त्या नोंदींशेजारी ठेवली. राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे मतदार निघाले सहा, त्यांत पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या पिनकोडात राहणारा एकच! राज्यपालांच्या आजारपणाची नोंद हाती आली. जन्मतारखेवरून भाग्यांक काढणाऱ्यांना काही गवसत नाही. तीच तारीख मतदार यादीला भिडवली की घरचा पत्ता लागतो.

यात हिशेब साधा आहे. 365 दिवस, साधारण 80 वर्षं आणि स्त्री-पुरुष मिळून 58 हजारांवर खण होतात. अमेरिकेतल्या पिनकोडात माणसं सरासरी याहून बरीच कमी, म्हणजे बहुतेकजण आपापल्या खणात एकटेच. आपल्याकडे एका पिनकोडात सरासरी सत्तर हजारांवर माणसं असल्याने गर्दी थोडं वाचवते, पण व्यवसाय किंवा जात हा चौथा रकाना जोडला की तीही विरळ होते.

मग माहिती वापरायचीच नाही का? इथे मला फार आवडणारी युक्ती येते. तिचं मूळ स्टॅनले वॉर्नर यांच्या 1965 सालच्या लेखात आहे. समजा, हजार विद्यार्थ्यांना विचारायचंय, ‘परीक्षेत कॉपी केलीस का?’ प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं उत्तर द्यायचं. काटा पडला तर पुन्हा उडवायचं आणि आता छाप्याला ‘हो’, काट्याला ‘नाही’ म्हणायचं. समजा, 340 ‘हो’ आले. त्यांतले सुमारे 250 निव्वळ नाण्याचे. उरलेले 90 हे खरं बोललेल्या 500 जणांतले, म्हणजे कॉपीचं प्रमाण 18 टक्के. एखाद्याचा ‘हो’ पकडून त्याला जाब विचारता येत नाही, ‘नाण्याने सांगितलं’ म्हणून तो मोकळा. मात्र अंदाजात तीनेक टक्क्यांची चूक सहज शिरते.

कॉपी केलेला ‘हो’ म्हणण्याची शक्यता 3/4, न केलेला म्हणण्याची 1/4, गुणोत्तर 3. या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगॅरिदमला, इथे सुमारे 1.1 ला, एप्सिलॉन म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी 2006 साली मांडलेल्या ‘डिफरेन्शियल प्रायव्हसी’चं, म्हणजे आकड्यांत मुद्दाम नाण्यासारखा गोंगाट मिसळून एकेकट्याचं गुपित राखण्याच्या पद्धतीचं, हेच माप. एप्सिलॉन जितका लहान, तितकं गुपित पक्कं आणि आकडे तितकेच डळमळीत.

अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेने हीच पद्धत घेतली, फक्त गोंगाट लोकांच्या उत्तरांत न मिसळता प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यांत मिसळला. छोट्या वस्त्यांचे आकडे बिघडतात म्हणून अभ्यासकांनी आरडाओरड केली, अलाबामा राज्य तर कोर्टात गेलं. राज्यांच्या एकूण लोकसंख्येला मात्र हात लावलेला नाही, कारण संसदेतल्या जागा त्यावरूनच वाटल्या जातात.