लॅपटॉपच्या झिणझिण्या आणि बोर्डातलं तिसरं भोक

"मामा, हा करंट मारतोय. परत करू का?"

सोलापूरहून भाचीचा फोन आला तेव्हा नवा लॅपटॉप घरी येऊन जेमतेम दोन तास झाले होते. भाषा निवडून झाली होती, वायफाय जोडलं होतं, अपडेट उतरत होते आणि चार्जर अर्थातच लावलेला. बसल्या बसल्या तिने अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणावरून बोट फिरवलं, तर बोटाखाली काहीतरी थरथरलं. बोट थांबवलं की काही नाही, फिरवलं की पुन्हा तेच. मनगटाची आतली बाजू लॅपटॉपच्या काठाला टेकली तेव्हा मात्र मुंगी चावल्यासारखं टोचलं. शेजारच्या काकांनी टेस्टर आणून लावला, आणि तो पेटला. मग काय, घरभर एकच कल्ला.

मी तिला दोनच गोष्टी करायला सांगितल्या. आधी चार्जर काढून पुन्हा बोट फिरव. थरथर गायब. मग चार्जरच्या वायरला किती पिना आहेत ते बघ. तीन. "छान, आणि ती वायर कशात खोचली आहेस?" एक्स्टेंशन बोर्डात. त्या बोर्डाला वर ऐटीत तीन-तीन भोकं होती, पण त्याची स्वतःची वायर भिंतीत गेली होती ती दोन पिनांनी. म्हणजे वरचं तिसरं भोक नुसतं शोभेचं. लॅपटॉपमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं.

आता प्रश्न असा, की चार्जर लॅपटॉपला देतो १९-२० व्होल्ट. एवढ्याने कोरड्या हाताला काहीही जाणवायला नको. मग झिणझिण्या आणणारी वीज येते कुठून?

त्यासाठी चार्जरच्या काळ्या डबीत डोकावावं लागतं. (मनाने. ती डबी खरोखर फोडू नका, आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही काही काळ चांगलाच भरलेला असतो.) जुन्या रेडिओत लोखंडी पट्ट्यांचा जडशीळ ट्रान्सफॉर्मर असायचा. तो ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० वेळा हेलकावणाऱ्या विजेवर चालायचा, म्हणून मोठा लागायचा. आजचा चार्जर वेगळी युक्ती करतो. भिंतीतली २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज तो आधी एका दिशेची करतो. तिचा दाब साधारण ३२५ व्होल्ट भरतो, कारण २३० ही एक प्रकारची सरासरी आहे, लाटेचा माथा त्याहून उंच असतो. मग एक ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करतो. एवढ्या घाईने धडधडणाऱ्या विजेला सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मरही पुरतो. पलीकडच्या बाजूला आपल्याला हवी तशी २० व्होल्टची सौम्य वीज मिळते, आणि दोन्ही बाजूंमध्ये तारेचा थेट सांधा नसतो. आपला जीव सुरक्षित राहतो तो याच तुटकपणामुळे.

पण या घाईची किंमत मोजावी लागते. धडधडीतून जो विद्युत गोंगाट उठतो, तो ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमधल्या फटीतून पलीकडे झिरपतो, चार्जरची वायर अँटेनासारखी वागू लागते आणि शेजारचा रेडिओ खरखरतो. हा गोंगाट आल्या वाटेने परत पाठवायला दोन्ही बाजूंच्या मध्ये एक चिमुकला कपॅसिटर बसवतात. त्याला म्हणतात वाय कपॅसिटर. निळसर किंवा पिवळसर चकतीसारखा असतो. तो खराब झालाच तर दोन्ही बाजू जुळून न जाता त्याची वाट तुटावी, अशा बेताने तो बनवलेला आणि तपासलेला असतो.

आपली झिणझिण येते ती याच चकतीतून. कपॅसिटर वेगवान गोंगाटाला मोकळी वाट देतो, पण भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या विजेलाही तो पूर्ण अडवत नाही, थोडी गळू देतो. किती? चकती २.२ नॅनोफॅरडची धरली तर ५० हर्ट्झला तिचा अडथळा होतो साधारण साडेचौदा लाख ओहम. पूर्ण २३० व्होल्ट तिच्यावर पडले असं मानलं तरी ०.१६ मिलिअ‍ॅम्पिअर गळतील. प्रत्यक्षात लॅपटॉपचं धातूचं अंग भिंतीतल्या दाबाच्या साधारण निम्म्यावर तरंगत असतं, त्यामुळे गळती त्याहूनही कमी.

इथे मला ठिबक आठवतं. उसाच्या शेतातल्या मुख्य पाइपात पाण्याला भरपूर दाब असतो, पण ड्रिपरच्या तोंडाशी येतो तो एकेक थेंब. तोंडावर बोट दाबून धरलं तर मागचा दाब जाणवेल, पण कुणी वाहून जाणार नाही. लॅपटॉपच्या अंगावर मल्टीमीटर लावला तर तो ७०, ९०, कधी ११० व्होल्ट दाखवतो आणि माणसं घाबरतात. हात लावला की तो दाब लगेच कोसळतो, कारण मागून येणारी वीज ठिबकते आहे, वाहत नाही. घरात आरसीसीबी (गळती ओळखणारा सुरक्षा-स्विच) असेल तर ती साधारणपणे ३० मिलिअ‍ॅम्पिअर गळतीला वीज तोडते. आपला ठिबक त्याच्या शंभरपटीहून लहान आहे. तरीही टोचतं, कारण मनगटाची कातडी पातळ आणि लॅपटॉपचा काठ धारदार. सगळी गळती एका बिंदूत गोळा होते.

काकांच्या टेस्टरचंही तेच. आत निऑनचा इवलासा दिवा आणि त्याच्या मागे दहा लाख ओहमच्या आसपासचा रोधक. त्याला पेटायला एक मिलिअ‍ॅम्पिअरचा बारीकसा अंशही पुरतो. टेस्टर पेटला याचा अर्थ तिथे दाब आहे एवढाच. मागे केवढी वीज उभी आहे हे तो सांगत नाही.

राहता राहिली बोट फिरवल्यावरची थरथर, आणि मला विचाराल तर या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच. ती टोचणी नाहीच. १९५३ साली अमेरिकेत मॅलिनक्रॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक छोटा शोधनिबंध लिहिला. निमित्त साधं होतं: दिवा लावलेला असताना पितळी होल्डरवरून बोट फिरवलं तर तो खरखरीत लागत होता, दिवा बंद केला की गुळगुळीत. कारण असं, की बोटाच्या कातडीचा वरचा कोरडा थर वीज नीट वाहू देत नाही. खाली धातू, मध्ये हा कोरडा थर, वर बोटातलं ओलसर मांस: झाला की कपॅसिटर! दाब वाढला की धातू बोटाला किंचित ओढून घेतो, उतरला की सोडतो. ५० हर्ट्झच्या लाटेला वर एक आणि खाली एक असे दोन माथे असतात, म्हणून ही ओढ सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. बोट स्थिर असेल तर एवढीशी ओढ कळत नाही. सरकत असेल तर घर्षण तेवढ्याच वेळा वाढतं आणि उतरतं, आणि आपल्याला वाटतं पृष्ठभागच थरथरतोय. घामेजल्या बोटाला हे जाणवत नाही. भाचीला मी बोट ओलं करून बघायला सांगणार होतो, पण ताईच्या आवाजाचा अंदाज घेऊन गप्प बसलो.

तिसऱ्या पिनेचं काम आता सरळ आहे. तीन पिनांच्या बहुतेक चार्जरमध्ये ती लॅपटॉपच्या अंगाशी जोडलेली असते. ठिबकणारी वीज तुमच्या बोटाऐवजी तारेने जमिनीत जाते. यालाच अर्थिंग म्हणतात. आपल्या प्लगमध्ये ही पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. प्लग खोचताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी यासाठी. म्हणून 'बसत नाही' म्हणून ती पक्कडीने मोडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. काही चार्जरना मुळातच दोन पिना असतात. त्यांच्या झिणझिण्या सुरक्षित मर्यादेत ठेवलेल्या असतात, पण राहतात. कंपनी तीन पिनांची जोडवायर देत असेल तर ती वापरावी.

पिन तिन्ही आहेत, बोर्डाच्या वायरलाही तीन पिना आहेत आणि तरी झिणझिण्या येतात, तर भिंतीतलं तिसरं भोक बहुधा कुठेच जोडलेलं नाही, असं समजा. जुन्या वायरिंगमध्ये हे सर्रास आढळतं. पण उलट बाजू ध्यानात घ्या: झिणझिण्या थांबल्या म्हणजे अर्थिंग उत्तम, असं नाही. ०.१ मिलिअ‍ॅम्पिअर जिरवायला अगदी रद्दड अर्थिंगही चालतं. खरी परीक्षा मिक्सर किंवा गिझरची फेज (वीज आणणारी तार) त्याच्या अंगाला लागते तेव्हा असते. अर्थिंगचा अडथळा १०० ओहम असेल तर वाहतील फक्त २.३ अ‍ॅम्पिअर, १६ अ‍ॅम्पिअरची एमसीबी (वीज जास्त वाहिली की पडणारा स्विच) ढिम्म हलणार नाही आणि मिक्सर 'जिवंत' राहील. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात ते यासाठीच. मातीत वीज वाहते ती ओलाव्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. मे महिन्यात काळी माती भेगाळली की वाटही भेगाळते.

या तिसऱ्या भोकाची आणखी सोंगं आहेत, आणि त्यांवर लोकांचे बरेच पैसे जातात. चार्जर लावला की माउसचा बाण उड्या मारतो, टचपॅड भलतंच काही निवडतं. टचपॅड बोटामुळे होणारा कपॅसिटन्समधला (वीज साठवण्याच्या क्षमतेतला) अतिसूक्ष्म बदल मोजत असतं. लॅपटॉपचं अंगच वरखाली हेलकावत असेल तर मोजणारं माप चुकणारच. माझ्या ओळखीच्या एकाला दुकानात टचपॅड बदलायला सांगितलं होतं. त्याआधी त्याने ड्रायव्हर तीनदा काढून घातला होता. चार्जर काढून दोन मिनिटं वापरून बघणं कुणालाच सुचलं नाही. स्वस्तातला नकली चार्जर असेल तर हा त्रास अर्थिंग असूनही होतो, कारण गोंगाट गाळणारे भाग तिथे वाचवलेले असतात. दोन्ही बाजूंमधलं सुरक्षित अंतरही वाचवलेलं असू शकतं, आणि ते जिवाशी येतं. आपल्याकडे अडॅप्टरवर भारतीय मानकाचा आयएस क्रमांक आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो नसेल तर दोनशे रुपये वाचवू नका.

गणपतीत मंडळाच्या मांडवात आरतीची गाणी लावायला लॅपटॉप आवाजाच्या मिक्सरला जोडतात आणि स्पीकरमधून अखंड 'हंऽऽ' ऐकू येतं, ते मात्र जरा निराळं. तिथे बहुधा दोन्हीकडे अर्थिंग असतं, पण दोन वेगळ्या बोर्डांतून आलेलं, आणि त्या दोन्ही 'जमिनी' एका पातळीवर नसतात. मग तो फरक ऑडिओच्या केबलमधून वाहून भरून निघतो आणि ५० हर्ट्झचा सूर लावतो. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, नाहीतर आरतीपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा. पिन मोडून हा आवाज थांबतो हे खरं आहे, आणि दुर्दैवाने हीच युक्ती सर्वांत जास्त पसरली आहे. तसंच, टीव्हीला एचडीएमआय केबल खोचताना बारीक ठिणगी दिसली तर आधी दोन्हींचे प्लग काढावेत, केबल जोडावी आणि मग वीज लावावी. ठिबक माणसाला काही करत नाही, पण नाजूक पोर्टची वाट लावू शकतो.

आणि घाबरायचं कधी? हात झटकून मागे घ्यावा लागेल असा झटका बसला, चार्जरला जळका वास आला, किंवा फ्रिज आणि नळही करंट मारू लागले तर. तेव्हा मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवायचं. काही जण बोर्डातच अर्थ आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तारेने जोडून 'अर्थिंग' करून देतात. त्याला नाही म्हणा, कारण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर घरातल्या प्रत्येक तीन पिनांच्या वस्तूचं अंग फेजवर जातं.

भाचीने मग लॅपटॉप उचलून ओट्याजवळच्या मिक्सरच्या बोर्डात लावला. झाकणावरून बोट फिरवलं. गुळगुळीत. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीतल्या बोर्डाचं तिसरं भोकही वायरमनने उघडून पाहिलं, तर मागे हिरवी तार होती, नुसती गुंडाळून ठेवलेली. तो पुन्हा येईपर्यंत तिचे ऑनलाइन तास स्वयंपाकघरात चालू आहेत, कुकरच्या शिट्ट्यांसकट.