फुटका सायलेन्सर : दुरुस्ती आणि फेररचना (कोकण किनारपट्टी)

गाडीला वेगळ्याने घडवून बसवलेल्या सायलेन्सरला चीर गेल्यावर ती सांधणे आणि पुन्हा जाऊ नये म्हणून नळीची मांडणीच बदलणे, असे हे दुहेरी काम आहे. बोलण्यात ‘सायलेन्सर फुटला’ म्हणतात, पण फुटलेला बहुधा डबा नसतो; इंजिनापासून डब्यापर्यंतचा बेंड पाइप (वाकवलेली नळी), फ्लँजलगतचा (नळी बोल्टने जोडणाऱ्या जाड चकतीजवळचा) सांधा किंवा ब्रॅकेटचा कोपरा चिरलेला असतो. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडे हे काम पुष्कळदा ग्रिल-गेट करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जाते. त्याचा हात चांगला असतो, अडचण सवयीची असते. गेट हलू नये म्हणून जखडायचे असते. सायलेन्सरची नळी हलायलाच हवी.

चढावर पेट्रोल इंजिनातून निघणारा वायू ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची एक मीटर नळी ५०० अंशांनी तापली तर सुमारे ९ मिलिमीटर लांबते. साधे लोखंड ६-७ मिलिमीटर. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलते, चासी आपल्या जागी असते. नळी एका टोकाला इंजिनाशी आणि दुसऱ्या टोकाला चासीशी घट्ट बोल्टने आवळली, की ही लांबी आणि हा डोल दोन्ही सर्वांत दुबळ्या जागी, म्हणजे वेल्डिंगच्या कडेला, उतरतात. कुंभार्ली किंवा आंबोलीचा घाट चढताना पावसाचे पाणी चाकावरून तापल्या नळीवर उडते, तो ताण वेगळा.

मग खारी हवा. स्टेनलेस गंजत नाही हा समज किनाऱ्यावर टिकत नाही. ३०४ मध्ये गंज अडवणारे क्रोमियम सुमारे १८ टक्के असते, पण वेल्डिंगच्या उष्णतेने त्यातले काही कार्बनशी बांधले जाते, सांध्याच्या बाजूचा पट्टा उघडा पडतो आणि मिठातला क्लोराइड तिथूनच आत शिरतो. सांध्याला समांतर दिसणारी तपकिरी रेघ ही त्याची खूण. नळी आतूनही सडते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते वाफ होऊन बाहेर न पडता डब्याच्या तळाशी साचते. नळीभोवती काचतंतूची पट्टी गुंडाळण्याची हौस इथे महागात पडते, कारण खारट ओल पट्टीखाली धरून राहते.

चीर शोधायला काजळीचा काळा ओघळ पुरतो. केसासारखी बारीक असेल तर थंड नळीवर रॉकेल लावून पुसतात आणि वर खडूची भुकटी चोळतात. चिरेत मुरलेले रॉकेल भुकटीवर उमटते. दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे भोक पाडून चीर थांबवतात, मधे खाच घासतात, मगच झाळतात. हे न करता वरून ओढलेला टाका दिसतो छान आणि शेजारीच फुटतो. स्टेनलेसला आर्गन वेल्डिंग (आर्गन वायूच्या आडोशाखाली झाळणे) आणि सांध्यात भरायला ३०८-एल जातीची तार. एक बाजू साध्या लोखंडाची असेल तर ३०९-एल. नळीची टोके टेपने बंद करून आतही आर्गन सोडावा लागतो, नाहीतर सांधा आतल्या बाजूने जळून खरबरीत होतो. ही पायरी वेळ वाचवायला सर्रास गाळली जाते. जस्त चढवलेला पाण्याचा पाइप वापरू नये. त्याच्या धुराने वेल्डरला थंडी-ताप भरतो. झाळण्याआधी बॅटरीची तार आणि ऑक्सिजन सेन्सर (नळीतल्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) काढलेले बरे.

फेररचना म्हणजे नळीला ढिलाई देणे. मोटारीत मॅनिफोल्डनंतर (इंजिनाचा धूर एकत्र करणाऱ्या भागानंतर) जाळीदार फ्लेक्सिबल तुकडा, मोटारसायकलवर नळीत नळी सरकणारा सांधा आणि त्यावर दोन स्प्रिंगा. डब्याचे वजन रबरी हँगरवर. बेंड पाइपने ते पेलायचे नाही. फ्लँज ८-१० मिलिमीटर जाडीचा, पातळ असला तर तापून वाकतो आणि पॅकिंग उडते. नळीची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास असल्याने ब्रॅकेट थेट तिच्यावर न झाळता मधे गोल कोपऱ्यांची पट्टी घालतात. डब्याच्या सर्वांत खालच्या जागी बारीक भोक, साचलेले पाणी गळण्यासाठी.

चीर ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतो आणि इंजिन उगाच जास्त पेट्रोल पिते. चीर मोटारीच्या तळाखाली असेल तर धोका मोठा: पावसात काचा बंद, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

घडवलेल्या सायलेन्सरला मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आडवे येते; कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल त्याला चालत नाही. आवाज किंवा धुराची मर्यादा ओलांडल्यास कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) कापून सरळ नळी टाकणे ही दुरुस्ती नव्हे, कारागीर तिला काहीही म्हणो.

काम झाल्यावर पहिली घाटफेरी करून, नळी पूर्ण थंड झाल्यावर, फ्लँजचे बोल्ट पुन्हा एकदा आवळतात.