गाजलेला पीस आणि फुटलेली बेंजो पार्टी : पार्श्वभूमी

रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धनपासून हर्णैपर्यंत एखाद्या बेंजो पार्टीचं, म्हणजे लग्न-मिरवणुकीत बेंजो घेऊन वाजवणाऱ्या बँडचं, गाणं गाजलं, की थोड्याच हंगामांत तेच नाव पुढे 'न्यू' लावून दुसऱ्या टेम्पोवर दिसतं, हे नेहमीचंच. सुपारीच्या, म्हणजे कार्यक्रमाच्या पैशाच्या, वाटणीवरून फाटलं, असं गावात सांगतात. ते कारण असतंच. पण खरी ठिणगी बहुतेकदा पीसवरून, म्हणजे गाण्यामधल्या बेंजोच्या ओळीवरून, पडलेली असते.

बेंजो हे कळा दाबून वाजवायचं तारवाद्य मूळचं जपानी, १९१२ साली नागोयात घडलेलं. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं आणि तारांचा आवाज अँप्लिफायरकडे नेणारा पिकअप बसल्यावर ढोलताशांपुढे टिकू लागलं.

मुखडा आणि अंतऱ्याच्या मध्ये बेंजो वाजवतो ती ओळ म्हणजे पीस. हळदीत नाचणाऱ्यांना शब्द आठवत नाहीत, पीस आठवतो. सहा मात्रांच्या कोळी ठेक्यावर बेंजोवाला तो तालमीत बसवतो, कागदावर काहीही न उतरवता. कॅसेटवर मात्र गीतकाराचं नाव, गायकाचं नाव आणि खाली 'संगीत : पारंपरिक' असायचं. बेंजोवाल्याच्या हाती त्या दिवसाची बिदागी.

सगळा गुंता या 'पारंपरिक'मध्ये आहे. चाल गावाची असेल, तिच्यावर कोणी एकट्याने हक्क सांगू नये, हे बरोबरच. पण मधला पीस एका माणसाने रचलेला असतो आणि तोही त्याच शिक्क्याखाली गेला. कायद्याचीही त्याला साथ नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचना लिहिलेली किंवा छापलेली असणं गरजेचं होतं. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट काढली आणि ती दुरुस्ती मे १९९५ पासून लागू झाली. तोवर कॅसेटचा जोर होता आणि कानावर बसवलेले पीस कायद्याच्या हिशेबात धरलेच जात नव्हते. हा अन्याय होता, आणि पार्ट्यांमधली कटुता तिथून आली आहे.

यूट्यूब आल्यावर प्रकरण चिघळलं. ज्याने रेकॉर्डिंग आधी नोंदवलं त्याचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, लागतो. मग ज्याने पीस रचला त्याच्याच व्हिडिओची कमाई दुसरीकडे वळू शकते.

बेंजोवाला बाहेर पडला की मागे राहिलेले त्याचा पीस सॅम्पल करून, म्हणजे रेकॉर्डिंगमधून तुकडा उचलून, इलेक्ट्रॉनिक पॅडवर टाकतात. इथे वाजवण्यातच अडचण येते. सॅम्पलची लय ठरलेली. मिरवणूक रंगून ढोल चढले की पीस मागे पडतो. पॅडवर वेग वाढवावा तर बहुतेकदा सूरही वर जातो आणि कीबोर्डशी जुळत नाही. हातातल्या बेंजोची लय ढोलाबरोबर चढते, लांब सूर तारा छेडायच्या पट्टीच्या झरझर आघातांनी धरून ठेवता येतो.

लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात दुसऱ्याची रचना वाजवायला कायद्यात सूट आहे. तोच व्हिडिओ अपलोड केला की ती सूट लागू होत नाही. म्हणून आता जाणत्या पार्ट्या तालमीचं रेकॉर्डिंग तारखेसह जपतात, आणि स्टुडिओत जाण्याआधी तीन गोष्टी लिहून घेतात: पीस कोणाचा, पार्टीचं नाव कोणाकडे राहणार, वर्गणीतून घेतलेला अँप्लिफायर आणि जनरेटर कोणाच्या वाट्याला.