सहा गुणिले पायचा पाचवा घात

सोलापुरातील एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, आणि त्या काळात निरनिराळ्या मंडळींनी स्वतः मांडलेल्या विश्वरचनेच्या पाच-सहा वह्या माझ्याकडे आणून दिल्या. त्यांतली सर्वांत नेटकी वही पूर्व भागातल्या एका जेकार्ड फिटरची होती. उभी हयात यंत्रमागांवर चादरींची नक्षी बसवण्यात घालवलेल्या या अण्णांच्या मते सारे अवकाश एका सूक्ष्म द्रवाने भरलेले असून इलेक्ट्रॉन हा त्या द्रवातला एक फिरता भोवरा आणि प्रोटॉन हा अनेक भोवऱ्यांचा गुंता होता. शेवटच्या पानावर लाल शाईने चौकट आखून त्यांनी लिहिले होते, की प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनपेक्षा सहा गुणिले पायचा (π या संख्येचा) पाचवा घात इतके पट जड असतो.

मी कॅल्क्युलेटर काढून पाहिले, तर उत्तर १८३६.११८ आले. प्रत्यक्ष मोजलेले गुणोत्तर १८३६.१५३ आहे, म्हणजे दोन्हींतला फरक एका लाखात दोनच्या आसपास भरतो. अशी वही हसण्यावारी नेणे मला कधीच जमलेले नाही, कारण हा आकडा त्यांनी कोठून उतरवून घेतलेला नव्हता. तो त्यांचा त्यांना सापडला होता. मात्र तो सर्वांत आधी त्यांनाच सापडलेला नव्हता. फ्रीडरिश लेंझ यांनी १९५१ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात अवघ्या दोन वाक्यांचे टिपण प्रसिद्ध करून नेमकी हीच गोष्ट नोंदवली होती. त्या वेळी मोजलेले मूल्य १८३६.१२ होते आणि त्यात ०.०५ इतकी चूक संभवत होती, त्यामुळे लेंझ यांचा आकडा त्या मर्यादेत चपखल बसत होता. पुढे मोजमाप सुधारत गेले. आज हे गुणोत्तर १८३६.१५२६७३ असे दशांशचिन्हाच्या पुढे सहा स्थळांपर्यंत आणि त्याहीपलीकडे निश्चित झालेले आहे, आणि पायचा पाचवा घात मात्र १९५१ मध्ये होता तेथेच आहे.

असे आकडे जुळतात तरी कसे, याचा हिशेब सोपा आहे. एक ते नऊ या अंकांतून अंश आणि छेद निवडून ५५ वेगवेगळे अपूर्णांक तयार होतात. त्यांना पायच्या वजा पाचपासून अधिक पाचपर्यंतच्या ११ घातांनी गुणले, मग e या संख्येच्या तशाच ११ घातांनी गुणले, आणि दोनचे व तीनचे वर्गमूळ हवे तर घेण्याची, नको तर सोडण्याची मुभा ठेवली, तर २६,६२० निरनिराळी मूल्ये हाती येतात. दुसऱ्या बाजूला कणभौतिकीच्या प्रमाणित प्रारूपात, म्हणजे मूलकणांविषयीच्या आजच्या प्रचलित सिद्धांतात, न्यूट्रिनोंची वस्तुमाने धरून पंचवीसच्या आसपास संख्या अशा आहेत, की ज्या सिद्धांतातून निघत नाहीत, प्रयोगाने मोजूनच घ्याव्या लागतात. एवढी सूत्रे आणि एवढी लक्ष्ये असताना काही जोड्या आश्चर्य वाटावे इतक्या जवळ येणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते ती अशी.

तरीही आकडे जुळवणे हा मुळातच अवैज्ञानिक उद्योग आहे, असे म्हणणारे माझे काही सहकारी इतिहास विसरतात. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या योहान बाल्मर यांनी १८८५ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, हायड्रोजनच्या प्रकाशातील चार रेषांच्या तरंगलांबींकडे पाहून ३६४.५६ नॅनोमीटर ही एक आधारभूत संख्या शोधली. तिला ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ या अपूर्णांकांनी गुणले, की चारही तरंगलांबी मिळत होत्या. हे असेच का, याचे कोणतेही कारण त्यांच्यापाशी नव्हते. नील्स बोर यांनी ते कारण दिले तेव्हा १९१३ साल उजाडले होते. परंतु बाल्मर यांच्या अपूर्णांकांना क्रम होता. त्या क्रमाने पुढचा अपूर्णांक ४९/४५ येत होता आणि त्यावरून पाचवी रेषा ३९७ नॅनोमीटरच्या जवळ असायला हवी होती. ती रेषा मोजली गेलेली आहे, हे त्यांना एका परिचित प्राध्यापकाने नंतर सांगितले. ताऱ्यांच्या प्रकाशात सापडलेल्या आणखी रेषाही त्याच सूत्रात बसल्या. लेंझ यांच्या सूत्राला असा पुढचा अपूर्णांक नव्हता. ते एकाच संख्येसाठी रचलेले होते आणि त्या संख्येचे पुढचे अंक कळताच त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही उरले नाही.

या दोघांच्या मधोमध एक विलक्षण सूत्र उभे आहे. जपानी भौतिकशास्त्रज्ञ योशिओ कोइदे यांना १९८१ च्या सुमारास असे आढळले, की इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ या तीन कणांच्या वस्तुमानांची बेरीज घेतली आणि तिला त्यांच्या वर्गमुळांच्या बेरजेच्या वर्गाने भागले, तर उत्तर दोन तृतीयांश येते. या सूत्राप्रमाणे टाऊचे वस्तुमान १७७७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट यायला हवे होते, पण त्या काळच्या मोजमापात ते १७८४ च्या आसपास होते, म्हणजे सूत्र चुकलेले दिसत होते. १९९२ मध्ये बीजिंग येथील प्रयोगाने टाऊचे वस्तुमान नव्याने मोजले, तेव्हा ते १७७७ च्या अगदी जवळ निघाले. हे सूत्र आजही टिकून आहे आणि त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण आजही नाही. मला स्वतःला ते योगायोग मानणे जड जाते, पण माझ्या वाटण्याला येथे काही किंमत नाही.

अण्णांच्या वहीतला खरा अडथळा आकड्यात नव्हता, भोवऱ्यात होता. भोवऱ्यांपासून अणू घडतात ही कल्पना केल्विन यांनी १८६७ मध्येच मांडली होती, आणि अवकाश भरून राहिलेल्या ईथरचा माग घेणारा मायकेल्सन व मॉर्ली यांचा १८८७ चा प्रयोग रिकाम्या हाताने परतला होता. ते बाजूला ठेवले, तरी इलेक्ट्रॉन खरोखर गोल गोल फिरतो असे मानताच दुसरी पंचाईत उभी राहते. उहलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी १९२५ मध्ये इलेक्ट्रॉनच्या फिरकीची कल्पना मांडली, तेव्हा लोरेंट्झ यांनी लगेच दाखवून दिले, की एवढ्याशा गोळ्याला तेवढी फिरकी हवी असेल, तर त्याच्या पृष्ठभागाला प्रकाशाच्या कितीतरी पट वेगाने धावावे लागेल. इलेक्ट्रॉनचा आकार वाढवून वेग कमी करावा म्हटले, तर तीही सोय नाही, कारण कणांच्या टकरींत एका मीटरच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागापर्यंत पाहूनही इलेक्ट्रॉनला आत काही रचना असल्याचे दिसलेले नाही. त्याच इलेक्ट्रॉनचे चुंबकीय आघूर्ण, म्हणजे त्याच्या चुंबकत्वाचे माप, प्रचलित सिद्धांतातून दशांशचिन्हानंतर सुमारे ११ स्थळांपर्यंत प्रयोगाशी जुळते.

मी अण्णांना त्यांच्याच धंद्यातले सांगितले. सोलापुरी चादर उलटली, की तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते, कारण दोन्ही बाजू नक्षीची भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या एकाच माळेवर विणल्या जातात. वरच्या बाजूची फुले कोणी हुबेहूब रंगवून आणली, तर जाणकार माणूस फुलांची तारीफ करत बसत नाही, तो कापड उलटून पाहतो. वस्तुमानांचे गुणोत्तर ही एक बाजू झाली; फिरकी, विद्युत्भार आणि चुंबकीय आघूर्ण ही चादरीची दुसरी बाजू आहे, आणि वहीत ती कोरी होती.

ही उलटतपासणी पदवी नसलेल्यांसाठीच राखून ठेवलेली असते, असा आरोप वारंवार होतो. हॉवर्ड जॉर्जी आणि शेल्डन ग्लॅशो यांनी १९७४ मध्ये मांडलेला महाएकीकरणाचा, म्हणजे निसर्गातील निरनिराळी बले एकाच सूत्रात गुंफणारा, सिद्धांत गणिताच्या दृष्टीने अतिशय देखणा होता. त्यानुसार प्रोटॉन कधी ना कधी फुटायलाच हवा होता. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, १९८० च्या दशकात लोखंडाच्या थरांमध्ये प्रोटॉनची फूट शोधणारा प्रयोग चालला आणि काही संभाव्य घटना त्यात टिपल्याही गेल्या. अमेरिकेतील मोठ्या प्रयोगाला मात्र तसे काही दिसले नाही. जपानमधील सुपर-कामिओकांडे या प्रयोगाने आता प्रोटॉन फुटण्याची मुदत १ वर ३४ शून्ये एवढ्या वर्षांच्याही पुढे ढकलली आहे, आणि तो सिद्धांत त्याच्या मूळ रूपात कोणी धरून बसलेले नाही. ग्लॅशो यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते, पण त्यांच्या प्रोटॉनला त्यातून काही सवलत मिळाली नाही.

वही परत देताना मी तिच्या मलपृष्ठावर पेन्सिलीने एक संख्या लिहून दिली: २०६.७६८, म्हणजे म्यूऑन इलेक्ट्रॉनच्या जितके पट जड असतो ती. गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर अण्णा पुन्हा आले. त्यांनी १३७.०३६ ही विद्युत्चुंबकीय बलाशी निगडित असलेली प्रसिद्ध संख्या घेऊन तिची दीडपट केली होती आणि उत्तर २०५.५५४ आले होते. हीच दीडपट योइचिरो नांबू यांनी १९५२ मध्ये पाहिली होती, आणि नांबूंना पुढे २००८ चे नोबेल मिळाले, हे मी त्यांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी दोन्ही संख्या एकीखाली एक लिहून वजाबाकी केली आणि थोडा वेळ त्या १.२१४ कडे पाहत राहिले.

“एवढ्या फरकाने मागावर नक्षी बसत नाही, सर,” असे म्हणून त्यांनी पट्टी घेतली आणि दीडपटीवर स्वतःच्या हाताने आडवी रेघ ओढली.